थोरलीचं गाऱ्हाणं

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या खुर्चीत पसरलेल्या मांजरीकडे बघून "ताईंना मांजरांची भारी हौस दिसते" असं म्हणतो, आणि दर वेळी खुलासा करायचा मला कंटाळा येतो. हौसबिस काही नाही. देवासमोर दिलेल्या शब्दापायी मी तिला पोसते आहे. तो शब्द एका दहा वर्षांच्या मुलीने माझ्याकडून काढून घेतला, आणि त्याच दमात आणखी एका माणसाकडून त्याहून कितीतरी मोठा शब्द काढून घेतला.

आमचं घर म्हणजे पेडणे तालुक्यातल्या एका गावातलं मुलींचं घर. कुणाला आईबाप नाहीत, कुणाला आहेत पण त्यांच्यापाशी ठेवण्यासारखं नाही, अशा मुलींना सरकारची बालकल्याण समिती आमच्याकडे पाठवते. आम्ही दारावर पाटी लावलेली नाही. पाटी लावली की शाळेतली पोरं ती तोंडपाठ करतात आणि आमच्या मुलींना मधल्या सुट्टीत ऐकवतात. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर आमच्या घराला "चेडवांचें घर", म्हणजे पोरींचं घर, म्हणतो, आणि आता सगळा गाव तेच म्हणतो. घरात मी, मुली आणि स्वयंपाकाची मावशी. मावशी हाताने उदार आहे, पण दुधी भोपळ्यावर तिचा फार जीव. शेजारी एक आजोबा राहतात. ज्यांना घरात पुरुष माणूस लागतो असं गावाला वाटतं, अशा मोजक्या कामांसाठी आम्ही आजोबांना उसनं आणतो.

त्यातलं मुख्य काम म्हणजे चवथीचं गाऱ्हाणं. आमच्याकडे गणपतीपुढे नुसती आरती म्हणून भागत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने उभं राहून, हात जोडून, देवाला सगळं मोठ्याने सांगायचं असतं: पूजा गोड मानून घे, चुकलंमाकलं पदरात घे, अमक्याला नोकरी लाव, तमक्याचं लग्न जमव. प्रत्येक वाक्य संपलं की बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की डोळे मिटलेले, मन प्रसादाच्या ताटात, आणि तोंड आपलं आपण व्हय म्हाराजा म्हणत असतं.

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यात आधी थोरलीच्या लक्षात आली.

थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या बहिणी डिचोलीकडून आल्या. वडील मूळचे सिंधुदुर्गातले, शिरोड्याकडचे. डिचोलीत खाणीच्या ट्रकवर होते. आई आजारपणात गेली, आणि त्यानंतर वडील ट्रक घेऊन गेले ते परतलेच नाहीत, अपघात झाला. धाकटी तेव्हा इतकी लहान होती की तिला काहीच आठवत नाही. थोरलीला सगळं आठवतं, आणि जे आठवतं ते ती बोलत नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, बाकी सगळं बोलते. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "ताई, तुमी हांगां पगार घेतास काय असाच?" मी म्हटलं, घेते. त्यावर ती म्हणाली, "मगे बरा. असाच करणारा माणूस कधी पळून जाईत सांगूक येना नाय." मला राग आला. खोटं मात्र म्हणता येईना.

तर तिने गाऱ्हाण्याचा खेळ काढला. ओसरीवर नारळाला देव करून बसवायचा, समोर मुलींची रांग, आणि थोरली आजोबांच्या चालीत सुरू व्हायची: "हे देवा म्हाराजा, आज परत दुधी." "व्हय म्हाराजा." "कालयव दुधी." "व्हय म्हाराजा." आत मावशी पळी आपटायची. इथपर्यंत मीही हसत होते. मग एके दिवशी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत असताना बाहेरून त्याच चालीत आलं, "आज ताई आमका टीव्ही लावन देतली," आणि माझ्या तोंडून व्हय म्हाराजा निघूनसुद्धा गेलं. बाहेर एकच हशा. त्या संध्याकाळी टीव्ही लावावा लागला.

त्यानंतर गावात कुणी सुटलं नाही. पोदेराने असंच म्हणून एक उंडा पाव जास्त टाकला. म्हापशाच्या बसच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांची कटकट न करता सगळ्या मुलींना पुढच्या दाराने चढू दिलं. कहर झाला तो पणजीहून पाहणीला आलेल्या साहेबांच्या वेळी. साहेब मूळचे नार्व्याचे, म्हणजे गाऱ्हाणी ऐकतच वाढलेले. न्हाणीघर बघता बघता मागून चाल लागली, "साहेब आमका गरम पाण्याची सोय करून देतले," आणि साहेब नळ तपासत म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग स्वतःच खो खो हसले. मी मात्र लाजेने अर्धी झाले.

ते गेल्यावर मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि कायदा केला. म्हटलं, यापुढे असं चोरून घेतलेलं व्हय धरलं जाणार नाही. देवासमोर, खऱ्याखुऱ्या गाऱ्हाण्यात म्हटलेलं व्हय तेवढं खरं, ते पाळायलाच पाहिजे. बाकी सगळा पोरखेळ. मला वाटलं, मोठीच हुशारी केली. खरं गाऱ्हाणं घालणार आजोबा, आणि तेही वर्षातून चवथीला. थोरलीने विचारलं, "देवासमोर म्हटलला मोठ्यांकाय पाळूक होया?" मी म्हटलं, मोठ्यांना आधी. ती एवढंच म्हणाली, "बरां."

श्रावणात त्यांचे काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, तेही ट्रकवरच, राहायला डिचोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत. बरोबर काकी. समितीने त्यांना मुलींना भेटायची परवानगी दिली होती, कारण त्यांना मुलगी घरी न्यायची होती. एकच. काका खाली बघत म्हणाले, "बाई, आमका दोन झील आसत. जागा तुमी बघितलास तर कळात. धाकटीक नेतंव. दोघांका नाय जमाचा." काकी जास्त सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "मोठी खूप बोलता."

हे खोटं नव्हतं. पाचच मिनिटांपूर्वी थोरलीने त्यांना विचारलं होतं, की घरात संडास आत आहे की बाहेर, मुलग्यांना मारता का, आणि मारत असाल तर कशाने.

मी माझ्या परीने वाद घातला. बहिणी आहेत, एकमेकींशिवाय त्यांना कुणी नाही, धाकटी अजून हिचा हात धरल्याशिवाय झोपत नाही. काका मान हलवत राहिले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, समितीला तसं सांगता आलं असतं. समितीचंही म्हणणं होतं की दोघी एकत्र राहिल्या तर उत्तमच, पण रक्ताचं माणूस एका मुलीला घर द्यायला तयार आहे ते नाकारायचं कसं? चवथ झाली की निर्णय करू, असं ठरलं.

थोरलीला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. तिने विचारलं, "कधी?" मी म्हटलं, चवथीनंतर. आणि मग ती गप्प झाली. आमच्या घरात तशी शांतता कधी ऐकू आली नव्हती. दुधीची भाजी केली तरी कुणी गाऱ्हाणं घालेना. मावशी घाबरली. मला म्हणाली, "चेडवाक ताप येता काय बघ गो. माका हें बरें दिसना." मी रात्री दोघींच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि मला स्वतःचाच राग यायचा, की एवढी मोठी बाई मी, सगळ्या जगाशी भांडणारी, आणि या दोन हातांची गाठ मला राखता येत नाही.

मग दोन-चार दिवसांनी ती शेजारच्या आजोबांच्या अंगणात जायला लागली. फुलं काढायला मदत करते, असं मला सांगितलं. फुलं काही फारशी येत नव्हती. पण पोर निदान घराबाहेर पडते आहे म्हणून मी विचारलं नाही.

चवथ आली. आमचा गणपती पाच दिवसांचा. मुलींनी डोंगर पालथा घालून माटोळी बांधली. माटोळी म्हणजे देवाच्या डोक्यावर बांधायचा फळांचा मांडव: तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, चिबूड, सुपारीचा घोस आणि रानातली नाव माहीत नसलेली फळं. दुसऱ्याच दिवशी उंदराने एक तवसं अर्धं खाल्लं. त्या उंदराच्या मागावर मागीलदारी एक मांजर आली, आणि तिचं पोट बघून मला पुढचा हिशोब कळला. मी तिला तीनदा हुसकावली. ती चौथ्यांदा आली.

पाचव्या दिवशी दुपारी काका-काकी हजर. गावाकडचा आपला गणपती पोचवून शिरोड्याहून डिचोलीला परतताना वाटेत पेडणे लागतंच, तेव्हा धाकटीला भेटून जावं, असं त्यांच्या मनात. मी त्यांना विसर्जनाला थांबवून घेतलं. आरत्या झाल्या. आता निघायच्या आधीचं गाऱ्हाणं, म्हणून मी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी गळ्याला हात लावला आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "गळो बसलो गो. पांच दिस आख्ख्या वाड्याचीं गाऱ्हाणीं घालतां. आवाज म्हणून ना."

मी काकांना म्हटलं, तुम्ही घाला, तुम्ही पाहुणे. काका दोन पावलं मागे सरले. "माका नाय येणा. आमच्याकडे भाव घाली. तो गेल्यापासून भटजींकच सांगतंव."

तेवढ्यात थोरली पुढे आली. नवा परकर-पोलका, केस चोपून बसवलेले. "हांव घालतंय," म्हणाली. मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी उदारपणे मान हलवली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"हे देवा म्हाराजा, पाच दिस तू आमच्या घरात रवलंस, आमच्या हातचा गोड मानून घेतलंस."

"व्हय म्हाराजा."

"माटोळयेचा तवसा उंदरान खाल्ल्यान, ती चूक पदरात घी."

"व्हय म्हाराजा."

तिचा आवाज खणखणीत. चाल आजोबांची, पण नक्कल वाटत नव्हती. काका तर अगदी रंगले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आणि घरचं गाऱ्हाणं ऐकून बरीच वर्षं झालेली. प्रत्येक व्हय म्हाराजा त्यांचा सगळ्यांत घसघशीत.

"मावशेक दुधयाबगर दुसरी भाजी करूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा." यात मावशीचाही आवाज होता. डोळे मिटलेले होते बिचारीचे.

"मागीलदारची मांजर पोटुशी आसा. तिका ह्या घरातसून कोण भायर घालूचा नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हटलं. डोळे उघडले, तर एक-दोन मुली ओठ चावत होत्या. पण देव समोर, कायदा माझाच.

मग थोरलीने एक वाक्य म्हटलं जे मी आजोबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "जो गाडयेर आसा, जो घाटात आसा, जो परमुलखात आसा, तेका सुखरूप घराक हाड."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. काकांचा आवाज आला नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि जोडलेले हात त्यांनी कपाळाला टेकवले होते.

थोरली थांबली नाही. त्याच चालीत, त्याच श्वासात: "एका पोटाची जी दोन लेकरां आसत, तेंका जो कोण घराक नेतलो, तो दोघांकाय नेतलो. एकाक ठेवन एकाक नेवचो नाय."

"व्हय म्हाराजा." मागचं राहिलेलं व्हयही त्यात घालून काका इतक्या जोराने म्हणाले, की निरांजनाची ज्योत हलली. काकींचं कोपर त्यांच्या बरगडीत गेलं, पण उशीर झाला होता. काकांनी डोळे उघडले. थोरली त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती देवाकडे बघत होती.

"आनी हेच्यात कोण वाकडा करीत, तर वाकड्याचा नीट कर."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. हे मात्र पूर्ण शुद्धीत.

कुणी काही बोलायच्या आत आजोबांनी मूर्ती उचलून काकांच्या डोक्यावर दिली. देव डोक्यावर असताना कोण वाद घालणार? गावच्या तळीपर्यंत काका मूर्ती सावरत चालले. धाकटी थोरलीचा हात धरून झांजा वाजवणाऱ्यांच्या मागून चालली होती. मी मनात घाबरले होते. पोरखेळ म्हणून काका रागावले, समितीला सांगितलं की असल्या घरात मुलींना हेच शिकवतात, तर? मूर्ती पाण्यात गेली आणि आजोबांनी आरोळी ठोकली, "मोरया." पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मी वळून आजोबांकडे बघितलं. तेव्हा त्यांना एकदम खोकला आठवला.

परतताना काका माझ्या शेजारी आले. "बाई, ती गाडयेरची ओळ तिका कोणी शिकयली?"

मी आजोबांकडे बोट दाखवलं. आजोबा आता चांगल्या आवाजात म्हणाले, "ना रे बाबा. माझ्या गाऱ्हाण्यांत ती ना. मी तिका फकत चाल आनी खंय थांबचें तें सांगलें."

काका म्हणाले, "ती आमच्या घराची. आमचो आजो गाडयेर होतो, बैलगाडयेर. तेव्हापासून ती घालतत. भाव घाली तेव्हा हांव मागसून व्हय म्हणी." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, पाणी अंगावर उडालं होतं म्हणून असेल. "म्हटलंय तर म्हटलंय. देवासमोर म्हटलंय."

काकी मागून येत होत्या. मी म्हटलं, आता या बोलणार. त्या बोलल्याही. "दोन चेडवांका एक खाट पुरता," म्हणाल्या. आणि थोडं चालून, "पण दुधी मीयव करतंय. सांगून ठेवा तिका."

समितीने दोघींना त्यांच्या घरी सोडायला आनंदाने मान्यता दिली. निघायच्या दिवशी मी थोरलीला विचारलं, की ती वडिलांची ओळ तू मुद्दाम घातलीस ना, काकांना पाझर फुटावा म्हणून? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "ती घातल्याबगर गाऱ्हाणा पुरा होता?" म्हणाली. मग न्यायला आलेल्या जीपमध्ये बसली. मला आनंद झाला होता, आणि मी मागीलदारी जाऊन पोटभर रडले, दोन्ही खरं आहे. तिथे मांजर तिच्या पिल्लांना पाजत होती. तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

घर शांत झालं. मुली गाऱ्हाण्याचा खेळ खेळायच्या, पण मजा येईना. एकदा तर मीच आतून व्हय म्हाराजा म्हटलं, कुणी काही मागितलंच नव्हतं तरी.

पुढच्या चवथीला पाचव्या दिवशी काका, काकी, त्यांचे दोन मुलगे आणि दोघी बहिणी, सगळी वरात वाटेत आमच्याकडे उतरली. थोरली हातभर वाढली होती. काकी तिला सारखं "गप रव" म्हणत होत्या आणि ती गप्प राहिली की तिच्याकडे वळून बघत होत्या. शिरोड्याच्या घरी आता गाऱ्हाणं तीच घालते. आधी तिथल्या भाऊबंदांनी नाकं मुरडली, मग गपचूप व्हय म्हणायला लागले, असं काकांनी मला अभिमानाने सांगितलं.

आरत्या झाल्या आणि आजोबांनी गळ्याला हात लावला. ते नाटक आता कुणालाच नवीन नव्हतं. थोरली पुढे झाली. मी मात्र या खेपेला पक्कं ठरवलं होतं, की प्रत्येक वाक्य नीट ऐकून घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. आणखी एखादं जनावर गळ्यात पडायला नको.

तवशाचं झालं, दुधीचं झालं. गाडीवरच्यांचं झालं, त्याला काकांनी नीट व्हय म्हटलं. मग थोरलीने चाल जराशी हळू केली. "आनी ह्या घरातसून लेकरां जातत, तेंका निरोप देवन जी मागीलदारी जावन रडता, तिका बरी ठेव. तिचा कोण नाय असा तिका कधी वाटूचा नाय."

मी नीट ऐकलं. ठरवल्याप्रमाणे अगदी शब्द न्‌ शब्द ऐकला. आणि तोंड उघडलं, तर आवाजच येईना.

"व्हय म्हाराजा," माझ्या वाटचं काकांनी म्हटलं.